तेरच्या मूर्ती आणि रील काढणारी पोरं

संग्रहालयाच्या क्षेत्रात यायचं म्हणता, तर पहिली गोष्ट ही की सनावळी पाठ असून भागत नाही. समोर अकरावीची पोरं मोबाइल काढून उभी असतात आणि त्यांना रीलसाठी काहीतरी हवं असतं. ते तुच्छ मानू नका. 2018 मध्ये बियॉन्से आणि जे-झी या अमेरिकी गायक जोडीने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गाण्याचा व्हिडिओ काढला, तेव्हा लूव्रनेही नाक मुरडलं नाही. त्यात दिसलेल्या कलाकृतींची खास फेरीच आखली.

आपल्याकडे तेर आहे. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे रोमन व्यापाराच्या काळातलं तगर हे व्यापारी शहर. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून इथलं संग्रहालय उभं राहिलं. सातवाहनकालीन मृण्मूर्ती, म्हणजे भाजलेल्या मातीच्या मूर्ती, दाखवताना मी राजांची नावं मागे ठेवते आणि विचारते, "हा अंबाडा कसा घातला असेल?" मुली लगेच पुढे सरकतात. दागिन्यांवर तर वादच रंगतो. काळ, माती, साचा हे सगळं मग त्याच ओघात सांगता येतं.

अवघड पुढेच असतं. 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईत एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेरला आणि जालन्यातल्या भोकरदनला मिळाल्या. पोरं विचारतात, "मॅडम, म्हणजे ती आपल्याकडूनच गेली ना?" रीलला 'हो' हवं असतं. पण ती कुठे घडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिच्यावरचं खरोष्ठी या प्राचीन लिपीतलं अक्षर उपखंडाच्या वायव्येकडे बोट दाखवतं. मी हा वादच त्यांच्या हाती देते. दोन बाजूंचे दोन रील निघतात, आणि ते जास्त चालतात, हे माझं निरीक्षण.

शिक्षणाचं थोडक्यात: संग्रहालयशास्त्रासाठी बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ, पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. कायम नोकऱ्या कमी, कंत्राटी कामं जास्त. फोटोग्राफी आणि एडिटिंग येत असेल तर लवकर काम मिळतं.

चित्रीकरणाआधी परवानगी घ्या, फ्लॅश बंद ठेवा. आणि वस्तूची किंमत कॅमेऱ्यासमोर कधीही बोलू नका, कुणी कितीही खोदून विचारलं तरी. आपल्याकडे नांगराच्या फाळाला, पावसाने धुपलेल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, अजून मणी, नाणी लागतात. लाखाचा आकडा कानावर पडला की ती वस्तू संग्रहालयाकडे येत नाही, परस्पर विकली जाते.