कुत्रं जाड झालं? आधी घरातले वाढणारे हात मोजा

वजन जास्त आहे का, हे ओळखायला काटा नंतर, आधी हात. पुढच्या पायांच्या मागे दोन्हीकडून बोटं हलकेच फिरवा. आपल्या पंजाच्या पाठीवर हाडं लागतात तशा बरगड्या लागल्या तर ठीक. तळहातासारखी नुसती गादी लागली तर कुत्रं जाड आहे. उभं असताना वरून कंबर दिसली पाहिजे, बाजूनं पोट मागे वर चढलेलं दिसलं पाहिजे.

आमचा ब्रुनो लॅब्रेडॉर. मुलाला पुण्यात नोकरी लागली, त्याच्या खोलीत कुत्रं चालत नाही, म्हणून ब्रुनो विदर्भात आर्वीजवळ आमच्याकडे गावी आला. ही जातच खादाड. साधारण चौथा हिस्सा लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात बिघाड असतो, असं केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. पण ब्रुनोचं वजन ३६ किलोवर गेलं ते जनुकापेक्षा आमच्या ओसरीमुळे. सासूबाई तूप लावलेली पोळी देतात, मामंजी चहात बुडवून बिस्कीट, आणि सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला गडी, वावरात स्वतःच्या शिदोरीतली अर्धी भाकर. प्रत्येकाला वाटतं, आपण एवढंसंच दिलं.

वजन करायला कृषी केंद्रातला बियाणं-खताचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. कुत्र्याला उचलून उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. उचलवत नसेल तर काट्यावर बसवा, बिस्कीट न दाखवता.

खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना दाखवाच. थायरॉईड कमी असलं तरी वजन वाढतं. कुत्रं सुस्त होतं, केस विरळ होतात. पाणी खूप पितं, पोट लोंबतं, तर आजार वेगळा असू शकतो. तालुक्याच्या दवाखान्यात बैल-म्हशींची रांग असते, तरी थांबा. रक्ताच्या तपासण्या तिथं होत नसतील तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आता हिशोब. जेवढं वजन असायला हवं त्याला ३० नं गुणा, त्यात ७० मिळवा. ब्रुनोचं २८ किलो धरलं तर ९१० कॅलरी, दिवसभराच्या. सुरुवातीला एवढा आकडा धरून डॉक्टरांकडून पक्का करून घ्या. ज्वारीच्या साधारण ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत २०० कॅलरी असतात, म्हणजे साडेचार भाकरींतच दिवस संपला, आणि अंडं-मांस अजून बाकीच. एक ग्लुकोज बिस्कीट वीसेक कॅलरींचं. मामंजींची पाच बिस्किटं म्हणजे अर्धी भाकर, हे त्यांना मोजून दाखवलं तेव्हा पटलं.

यावर उपाय एकच चालला: डबा. सकाळी त्याचं दिवसभराचं सगळं खाणं मोजून एका डब्यात काढायचं. ज्याला द्यायचं त्यानं त्यातूनच द्यायचं. डबा रिकामा झाला की कोणीही द्यायचं नाही. सासूबाईंना हे उपाशी मारणं वाटलं. त्यांना मी २००२ साली छापून आलेला प्रयोग सांगितला: ४८ लॅब्रेडॉर, जोड्या लावलेले, ज्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, ते सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले. मग त्या पोळीचा तुकडा डब्यातूनच घेऊ लागल्या.

डब्यात भाकर-कण्या कमी करा, उकडलेलं अंडं किंवा बिनतेलाची कोंबडी ठेवा, आणि पोट भरायला उकडलेलं कोहळं. भाजीतला कांदा-लसूण, मनुका, चॉकलेट अजिबात नको. शिजवलेली हाडंही नको. नुसत्या घरच्या खाण्यावर फार दिवस ठेवायचं असेल तर कॅल्शियमचं डॉक्टरांना विचारा.

आठवड्याला एक ते दोन टक्के वजन उतरावं, ३६ किलोच्या कुत्र्याचं ३६० ते ७२० ग्रॅम. त्याहून भराभर उतरलं तर खाणं थोडं वाढवा. खाणंच सोडलं किंवा उलट्या लागल्या तर वाट न पाहता दवाखाना.

फिरवणं पहाटे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जाड कुत्र्याला उन्हाची झळ लवकर बाधते. रस्त्यावर हाताची पाठ सात सेकंद टेकवता येत नसेल तर नेऊ नका. पहिले काही दिवस दहा-पंधरा मिनिटं धुऱ्या-धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधानं, हळू चालवा, मग वाढवा. सांधे दुखत असतील तर दौडवू नका. फवारलेल्या कपाशीतून मुळीच नको, पाय चाटले की औषध पोटात जातं. फार धापा टाकू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या.

ठरवलेलं वजन आलं की खाणं एकदम पूर्ववत करू नका. दहा टक्के वाढवा, दोन आठवडे बघा, मग ठरवा. त्यानंतर महिन्यातून एकदा काटा पुरे. पोळ्याला बैलांबरोबर कुत्र्यालाही पुरणपोळी द्यायची असेल तर सुपारीएवढा तुकडा, तोही त्या दिवशीच्या डब्यातून वजा करून.