स्वयंसेवी सॉफ्टवेअर प्रकल्पात सहभागींची ओळख केव्हा आणि कशी तपासावी

मुंबईतल्या एखाद्या गटाने मराठी शुद्धलेखन तपासणीचे मुक्त सॉफ्टवेअर चालवायला घेतले, की टोपणनावाने काम पाठवणारे कोणीतरी येतेच आणि त्या व्यक्तीकडे आधार कार्ड मागावे का, असा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते, काम स्वीकारताना ते मागू नये. अधिकार सोपवताना मात्र पूर्ण पारख करावी.

पाठवलेला बदल ओळीओळीने वाचून तपासता येतो. नाव झाकण्यामागे नोकरीतल्या अटी किंवा स्त्रियांना होणारा ऑनलाइन त्रास अशी रास्त कारणे असतात. मात्र हे काम देण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी हमी प्रत्येकाकडून घ्यावी. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्यात, त्यासाठी २००४ पासून ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ रूढ आहे. २०२३ मध्ये तिथली खऱ्या नावाची अट सैल होऊन परिचित ओळख पुरेशी ठरली, तरी निनावी काम तिथे स्वीकारले जात नाही.

प्रकाशनाचा, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा, अधिकार देताना धोका वाढतो. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्याने आधी उपयोगी काम करून एक्सझेड युटिल्स या फाइली आकसवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो अधिकार मिळवला आणि पुढे ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत संगणकात शिरण्याची छुपी वाट (बॅकडोर) पेरली. मार्च २०२४ मध्ये ती उघडकीस आली. तिला जागे करणारा एक भाग कोडच्या सार्वजनिक भांडारात नव्हता, फक्त वापरणाऱ्यांसाठी बांधून दिलेल्या प्रकाशित संचात होता. म्हणून कोणाची ओळख कितीही पक्की असली, तरी प्रकाशित संच भांडारातल्या कोडशी दुसऱ्या सदस्याने ताडून पाहावा, हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

अधिकार देण्यापूर्वी डेबियन या स्वयंसेवी लिनक्स प्रकल्पात रुळलेली पद्धत वापरावी. बोरिवली ते बदलापूर विखुरलेल्या सदस्यांनी दादरला प्रत्यक्ष भेटावे. प्रत्येकाने आपल्या ओपनपीजीपी किल्लीचा (डिजिटल सही आणि कूटबद्धीकरणासाठीच्या किल्लीचा) ओळख पटवणारा ४० चिन्हांचा ठसा स्वतःच्या संगणकावरून कागदावर उतरवून आणावा आणि वाचून दाखवावा. इतरांनी छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहावे, पण त्याची प्रत किंवा फोटो मुळीच घेऊ नये. घरी गेल्यावर किल्लीवर सही करून ती त्याच किल्लीने कूटबद्ध करून त्याच व्यक्तीच्या ईमेलवर पाठवावी, म्हणजे तिला ती उघडता आल्यास पत्ता आणि किल्ली दोन्ही तिच्याच ताब्यात असल्याचे कळते.

ज्यांना भेटणे किंवा नाव सांगणे शक्य नाही, त्यांचे काम एकाच किल्लीच्या सहीने सातत्याने येते का, हे पाहावे. त्यांना परीक्षणाचे काम द्यावे, पण एकट्याने प्रकाशन करण्याचा अधिकार देऊ नये. दीर्घकाळ न फिरकलेल्यांचे अधिकार, त्यांना कळवून, काढून घ्यावेत.