आरसी कारचा ईएससी कॅलिब्रेट होत नाही? आधी रिमोट तपासा

ट्रिगरला बोटही लावलेलं नाही आणि गाडी हळूहळू पुढे सरकतेय. किंवा ट्रिगर पूर्ण ओढला तरी गाडी निम्म्याच वेगाने पळतेय. नाहीतर ईएससीचा (मोटरचा वेग ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरचा) लाल दिवा लुकलुकतच राहतो आणि मोटर हलायचं नाव घेत नाही. अशा वेळी ‘ईएससी गेला’ असं ठरवून नवा मागवण्याची घाई होते. माझा अनुभव सांगतो की दहातल्या बहुतेक वेळा ईएससी ठणठणीत असतो, त्याला शिकवताना चूक झालेली असते. आणि त्या चुकीचं मूळ रिमोटमध्ये सापडतं.

गाडीतला रिसिव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) ईएससीला सेकंदाला निदान ५० वेळा एक छोटा विद्युत ठोका पाठवतो. वेगाची माहिती त्या ठोक्याच्या लांबीत असते. साधारण १५०० मायक्रोसेकंदांचा ठोका म्हणजे न्यूट्रल (ट्रिगर मोकळा, गाडी थांबलेली), २००० च्या आसपासचा म्हणजे पूर्ण थ्रॉटल (पुढे पूर्ण वेग) आणि १००० च्या आसपासचा म्हणजे पूर्ण ब्रेक किंवा रिव्हर्स. अडचण अशी की कुठल्याही दोन रिमोटचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. एकाचं न्यूट्रल १४८० वर, तर दुसऱ्याचं १५२० वर. म्हणून ‘माझ्या रिमोटचा मध्य हा, हे पुढचं टोक आणि हे मागचं’ असं ईएससीला दाखवून द्यावं लागतं. कॅलिब्रेशन म्हणजे एवढंच. त्या वेळी ट्रिम (रिमोटचा मध्य किंचित सरकवणारं बटण) एका बाजूला सरकलेली असेल, तर ईएससी ती चूकच मनापासून पाठ करतो.

तेव्हा गाडीकडे वळण्याआधी रिमोट हातात घ्या. थ्रॉटल ट्रिम शून्यावर आणा. एंड पॉइंट, म्हणजे ट्रिगरच्या टोकाची मर्यादा (काही रिमोटवर ईपीए किंवा एटीव्ही असं लिहिलेलं असतं) दोन्ही बाजूंना १०० टक्क्यांवर ठेवा. एबीएस (ब्रेक धरत-सोडत लावणारी सोय) असेल तर बंद करा. नवशिक्यांसाठी ५०-७५-१०० असं वेग मर्यादित करणारं बटण असेल तर ते १०० वर न्या. या बटणापायी मी भाच्याच्या गाडीवर दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. मोटर उघडली, वायरी बदलल्या, पिनियन (मोटरच्या टोकाचा छोटा गिअर) तपासला. गाडी निम्म्या वेगावरच अडलेली. कॅलिब्रेशन १०० वर झालं होतं आणि नंतर कुणीतरी बटण ५० वर सरकवलं होतं. उलटही होतं: ५० वर कॅलिब्रेट करून मग १०० केलं, तर अर्ध्या ट्रिगरलाच गाडी सुसाट सुटते आणि उरलेल्या अर्ध्या ट्रिगरला काही कामच उरत नाही.

थ्रॉटल चॅनलची (वेगाचा सिग्नल नेणाऱ्या वाटेची) दिशाही बघून घ्या. फुटाबा कंपनीच्या रिमोटवर ती सहसा रिव्हर्स करावी लागते, इतर बहुतेकांवर नॉर्मल चालते.

आता गाडी. चाकं हवेत राहतील अशी तिला एखाद्या विटेवर किंवा डब्यावर बसवा. ही पायरी कृपा करून गाळू नका. चुकीचं कॅलिब्रेशन झालेली ब्रशलेस (आत कार्बन ब्रश नसलेल्या मोटरची) गाडी चालू करताक्षणी पूर्ण वेगाने सुटू शकते. बोटं, ओढणी, लहान मुलं, सगळं चाकांपासून लांब ठेवा. पिनियन काढून ठेवलात तर आणखी चांगलं.

पुढची पद्धत हॉबीविंग कंपनीच्या क्विकरन १०बीएल६० या ईएससीची आहे. आपल्याकडे अनेकांच्या गाडीत हाच असतो.

१. रिमोट चालू करा. नेहमी रिमोट आधी, गाडी नंतर. बंद करताना उलटा क्रम.

२. ईएससीचं सेट बटण दाबून धरा आणि तसंच स्विच चालू करा. लाल दिवा लुकलुकू लागला की बटण लगेच सोडा. दाबून ठेवलंत तर ईएससी प्रोग्रॅमिंगमध्ये शिरतो. तसं झालं तर बंद करून पुन्हा सुरुवात करा.

३. ट्रिगर न्यूट्रलला सोडून सेट एकदा दाबा. हिरवा दिवा एकदा चमकतो.

४. ट्रिगर पूर्ण ओढून धरा, सेट दाबा. हिरवा दिवा दोनदा.

५. ट्रिगर पूर्ण पुढे ढकलून धरा, सेट दाबा. हिरवा दिवा तीनदा. झालं.

सगळे ईएससी असे नसतात. ब्रश मोटरसाठीचा क्विकरन १०६० स्वतःच शिकतो: रिमोट चालू, ट्रिगर मोकळा, मग ईएससी चालू करून तीनेक सेकंद हात लावायचा नाही. ट्रॅक्सासच्या एक्सएल-५ मध्ये बटण दाबून धरल्यावर दिवा आधी हिरवा, मग लाल होतो. तो लुकलुकू लागला की बटण सोडायचं. लाल एकदा लुकलुकला की पूर्ण थ्रॉटल, दोनदा लुकलुकला की पूर्ण रिव्हर्स, आणि हिरवा एकदा दिसला की काम फत्ते.

इतकं करूनही जमलं नाही तर?

दिवा लुकलुकतच राहिला तर स्टीअरिंग फिरवून बघा. चाकं वळली म्हणजे रिसिव्हरला वीज मिळतेय आणि रिमोटशी त्याचं बाइंडिंगही (जुळलेली जोडी) शाबूत आहे. मग ईएससीची वायर दुसऱ्या चॅनलमध्ये आहे का, हे पाहा. स्टीअरिंगही मेलेलं असेल तर बॅटरी, ईएससीचा प्लग उलटा तर बसवलेला नाही ना, आणि बाइंडिंग इथपासून सुरुवात करावी लागेल.

कॅलिब्रेशन नीट होऊनही गाडी रांगत असेल, तर रिमोटचा ट्रिगर दर वेळी त्याच जागी परतत नसण्याची शक्यता मोठी आहे. जुन्या, धूळ खाल्लेल्या रिमोटमध्ये हे दिसतं. काही ईएससीत न्यूट्रलचा पट्टा रुंद करता येतो, ६ टक्क्यांवरून ९ किंवा १२. ट्रिमने रांगणं दाबून टाकणं मला पटत नाही, कारण पुढच्या कॅलिब्रेशनला तीच सरकलेली ट्रिम आडवी येते.

रिव्हर्स लागत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि बहुतेकदा तो बिघाड नसतोच. गाडी पुढे जात असताना ट्रिगर ढकलला की पहिल्यांदा ब्रेक लागतो. ट्रिगर मध्यावर आणून पुन्हा ढकलला की रिव्हर्स. मोटर आणि गिअर वाचावेत म्हणून ही सोय आहे. तरीही मागे जात नसेल तर ईएससी फक्त पुढे-आणि-ब्रेक या मोडमध्ये असेल. १०६० मध्ये तो बदलायला छोटा जंपर (पिनांवर बसणारी टोपी) असतो, १०बीएल६० मध्ये प्रोग्रॅमिंगमधून बदलतो.

ट्रिगर ओढल्यावर गाडी मागे पळते? सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा. सेन्सरवाल्या मोटरला मात्र हे चालत नाही. तिथे ए, बी, सी वायरी ईएससीवरच्या त्याच अक्षरांशी जुळायलाच हव्यात.

सुरुवातीला गाडी आचके देत असेल किंवा मध्येच जोर जात असेल, तर पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करून उपयोग नाही. आचक्यांसाठी मोटरच्या वायरींचे सैल जोड तपासा. जोर जात असेल तर बॅटरीचा प्रकार पाहा. टू-एस लायपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) जोडून चालू केल्यावर १०बीएल६० ने दोन बीप द्यायला हवेत. ईएससी निमएच (निकेल बॅटरीच्या सेटिंग) वर ठेवून लायपो चालवलीत, तर बॅटरी वाचवणारा कट-ऑफ वेळेवर काम करत नाही आणि सेल कायमचे खराब होतात.

शेवटची चाचणी चाकं हवेत असतानाच करा. हलका थ्रॉटल देऊन रिमोट मुद्दाम बंद करा. एवढ्या एका वेळी ‘आधी गाडी बंद, मग रिमोट’ हा मघाचा क्रम मोडायचा. चाकं थांबली तर फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर गाडी थांबवणारी सोय) ठीक आहे. फिरत राहिली तर फेलसेफ न्यूट्रलवर नाही. रिमोटच्या पुस्तिकेप्रमाणे, ट्रिगर मोकळा ठेवून ते पुन्हा बसवा. काही रिमोटमध्ये त्यासाठी नव्याने बाइंड करावं लागतं. चाकं थांबेपर्यंत गाडी विटेवरून खाली उतरवू नका.