फर्स्ट इयर फिजिओलॉजी: हार्मोन नंतर, आधी रिसेप्टर

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला नुकतेच लागलेल्यांसाठी हे लिहितेय. हार्मोन रक्तातून जातं, न्यूरोट्रान्समीटर सिनॅप्समध्ये सुटतं, हे तुम्ही बारावीत वाचलंय. ते परत सांगत नाही.

माझी गाडी अडली ती 'कोणतं रसायन काय करतं' या तक्त्यापाशी. ॲसिटिलकोलीन म्हणजे स्नायूचं आकुंचन, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. मग त्याच ॲसिटिलकोलीनने हृदय मंद कसं होतं, हे काही केल्या कळेना. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाचा 1921 चा प्रयोग वाचला तेव्हा तर गोंधळ वाढलाच. बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नर्व्ह (ठोके मंद करणारी नस) उत्तेजित केली, त्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं आणि तेही मंदावलं! द्रावणात होतं ॲसिटिलकोलीनच.

उत्तर रिसेप्टरमध्ये आहे, म्हणजे रसायन ज्याला चिकटतं त्या पेशीच्या प्रथिनात. हातापायाच्या स्नायूवर निकोटिनिक रिसेप्टर असतो. तो स्वतःच आयन चॅनल, म्हणजे आयन आत-बाहेर सोडणारं दार. उघडला की सोडियम आत येतं, स्नायू आखडतो. हृदयाचा ठेका ठरवणाऱ्या एसए नोडवर एम2 हा वेगळा रिसेप्टर असतो. तो जी-प्रोटीन या पेशीतल्या मध्यस्थामार्फत पोटॅशियम चॅनल उघडतो, सीएएमपी हा पेशीतला निरोप्या घटवतो, ठोके मंदावतात. रसायन एकच, पण त्याचा अर्थ लावते ती घेणारी पेशी. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात बहुतेकदा ॲसिटिलकोलीन व्यवस्थित सुटत असतं, अँटिबॉडी रिसेप्टरवर बसतात, आणि माणसाच्या पापण्या मिटू लागतात.

हे आत्ता टाळलंत तर सेकंड इयरला फार्मॅकॉलॉजी अंगावर येईल. ॲड्रिनलिन अल्फा-1 रिसेप्टरवरून त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतं, बीटा-2 रिसेप्टरवरून श्वासनलिका सैल करतं. दम्याच्या रुग्णाला बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल का देत नाहीत, ते इथूनच सुटतं. पाठांतरावर पहिलं उत्तर निभावतं. व्हायवात पुढचा 'का?' आला की संपलं.

'स्टेरॉईडचा रिसेप्टर आत, बाकी सगळ्यांचा बाहेर' हे सूत्र तर वहीतून खोडूनच टाका. थायरॉइड हार्मोन स्टेरॉईड नाही, टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतं, तरी त्याचा रिसेप्टर केंद्रकात असतो. अशी सूत्रं वाटणाऱ्या सिनियरपेक्षा "रिसेप्टर कोणता?" असं दर वेळी अडवून विचारणारा सिनियर धरा. त्रास होतो, पण खरं शिकवतो तोच.

घाबरू नका, यादी दिसते तेवढी मोठी नाही. जीएस, जीआय, जीक्यू हे जी-प्रोटीनचे तीन मार्ग नीट काढता आले की निम्म्याहून जास्त धडा हातात येतो. आज ॲसिटिलकोलीन घ्या. उद्या हिस्टामीन: त्याचे एच1 आणि एच2 रिसेप्टर शेजारी मांडा, आणि ॲलर्जीची गोळी ॲसिडिटीवर का चालत नाही ते स्वतः शोधा.