गद्दाराची गोष्ट तपासायची कशी

फितुरांच्या गोष्टी सगळ्यांनाच आवडतात, रोज नवीन व्हिडिओ येतात, पण बहुतेकांत प्रकरण एका वाक्यात उरकलेलं असतं. पैशासाठी विकला गेला, बायकोच्या नादी लागून फितूर झाला, संपलं. मला याचा खरंच त्रास होतो, कारण एखाद्याच्या नावाला तो शिक्का एकदा लागला की शे-दोनशे वर्षं पुसत नाही. म्हणून अशा कोणाबद्दल वाचत असाल किंवा लिहिणार असाल तर पुढच्या गोष्टी नक्की करा.

पहिलं काम, कागद घ्या आणि नुसत्या तारखा लिहा. कारणं नंतर बघू. बेनेडिक्ट अरनॉल्डचंच घ्या. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला शूर सेनानी, सॅराटोगाच्या लढाईत पायाला जबर जखम झालेला. याने १७८० मध्ये वेस्ट पॉइंटचा किल्ला ब्रिटिशांना द्यायचा घाट घातला. बऱ्याच ठिकाणी वाचाल की कोर्ट मार्शल झालं, वॉशिंग्टनने जाहीर ठपका ठेवला म्हणून तो चिडून उलटला. आता तारखा मांडा. ठपका एप्रिल १७८० चा, आणि ब्रिटिशांशी गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला मे १७७९ मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी! मग ठपका हे मूळ कारण कसं असेल? अजून मागे गेलात तर फेब्रुवारी १७७७ सापडतो, त्याला डावलून पाच ज्युनियर लोकांना बढती दिली होती, मग फिलाडेल्फियातलं कर्ज, त्याच्यावर झालेले आरोप, सगळं हळूहळू साचत गेलेलं दिसतं. आणि त्याने सौदा केला होता, किल्ल्यासाठी २० हजार पौंड मागितले होते. त्याच्याशी बोलणी करणारा ब्रिटिश अधिकारी मेजर आंद्रे मोज्यात लपवलेल्या कागदांसकट पकडला गेला आणि फासावर गेला, अरनॉल्ड मात्र ब्रिटिश जहाजावर पळून गेला. राग आणि पैसा दोन्ही होतं, एकच निवडायची घाई करू नका.

दुसरं, पैसा कुठून कधी आला ते बघा. चेहऱ्यावरून, स्वभावावरून काही कळत नाही. सीआयए या अमेरिकन गुप्तहेर खात्याचा ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएतांना माहिती विकत होता त्या काळात पॉलिग्राफ म्हणजे खोटं पकडायची टेस्ट दोनदा पास झाला, १९८६ ला आणि १९९१ ला. तो सापडायला मोठी मदत झाली ती एका साध्या जुळवाजुळवीची, सोव्हिएत दूतावासातल्या माणसासोबत तो कधी जेवला आणि त्याच्या बँकेत पैसे कधी भरले गेले. १७ मे १९८५ ला जेवण, १८ मे ला ९ हजार डॉलर जमा. असं परत परत. पण पैशाचा माग प्रत्येक वेळी चालत नाही हेही लक्षात ठेवा, किम फिल्बी कम्युनिझमवरच्या निष्ठेपोटी ब्रिटिश गुप्तहेर खात्यात राहून मॉस्कोसाठी काम करत होता, तिथे खातं तपासून काय मिळणार.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, शिक्का कोणी मारला आणि कशाच्या जोरावर. ड्रायफस प्रकरण यासाठी नीट वाचाच. १८९४, पॅरिसमधल्या जर्मन दूतावासाच्या कचऱ्यातून लष्करी गुपितांची एक बिनसहीची यादी फ्रेंच लष्कराच्या हाती लागली, संशय गेला कॅप्टन ड्रायफसवर, तो ज्यू होता आणि वातावरण तसलंच होतं. अक्षर नीट जुळेना तर बर्तियों नावाच्या तज्ज्ञाने सांगितलं की त्याने मुद्दाम स्वतःचंच अक्षर बदलून लिहिलंय. म्हणजे जुळलं तरी दोषी, नाही जुळलं तरी दोषी!! न्यायाधीशांना गुपचूप एक फाइल दिली गेली जी आरोपीच्या वकिलाला दाखवलीच नाही. ड्रायफसला डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर पाठवलं, यादीतलं अक्षर एस्तराझी नावाच्या दुसऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याचं आहे हे लष्करातल्याच पिकारने १८९६ मध्ये शोधलं तर पिकारचीच ट्युनिशियाला बदली, आणि निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं. म्हणून गद्दार हा शब्द दिसला की पुरावा काय, आरोपीला तो बघू दिला का, दुसऱ्या कोणाला वाचवायचं होतं का, हे विचाराच.

चौथं, एकट्यावर थांबू नका. प्लासी म्हटलं की मीर जाफर, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ वगैरे, ते खरंच आहे, २३ जून १७५७ ला नवाबाचा हा सेनापती फौज घेऊन नुसता उभा राहिला. पण कटात नवाबाचाच दुसरा सरदार राय दुर्लभ होता, सावकार जगत सेठ होते. आणि मीर जाफरला नवाबी देणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीनेच १७६० मध्ये त्याला खाली उतरवलं.

शेवटी, ज्यांचा जीव गेला त्यांची नावं शोधा, ती नेहमी गाळली जातात. एम्समुळे निदान दहा माणसं मारली गेली असं मानतात. त्यातला दिमित्री पोल्याकोव्ह हा सोव्हिएत लष्करी गुप्तहेर खात्यातला जनरल, अनेक वर्षं अमेरिकेला माहिती देत होता, १९८८ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. आता मॉस्कोच्या हिशोबात पोल्याकोव्ह गद्दार आणि वॉशिंग्टनच्या हिशोबात एम्स, तेव्हा लिहायला बसाल तर कोणाचा गद्दार ते पहिल्याच वाक्यात लिहून टाका.