केनिया सफारीला जाताय? यलो फीव्हरची लस परतीसाठी लागते

मसाई माराला जायचं ठरलं की प्रत्येक ग्रुपमध्ये एक प्रश्न येतोच, यलो फीव्हरची (पीतज्वराची) लस घ्यायलाच पाहिजे का? आमचं बुकिंग ज्यांनी केलं ते म्हणाले काही गरज नाही, केनिया भारतीयांकडे मागतच नाही. हे खरं होतं, पण अर्धंच. केनिया लस घेतल्याचं कार्ड मागतो यलो फीव्हरवाल्या देशांतून येणाऱ्यांकडे, आणि आपल्याकडे तो आजार नाही. पण परत येताना तुम्ही केनियातून, म्हणजे यलो फीव्हरवाल्या देशातून आलेले असता ना! केनियातून निघून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसेल तर जास्तीत जास्त ६ दिवस क्वारंटाईनमध्ये ठेवतात, घरचे बाहेर गाडी घेऊन उभे असले तरी.

नियम कडक वाटतो, पण कारण समजलं की पटतो. हा आजार पसरवतो एडिस इजिप्ती डास, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू करतो तोच. डास आपल्या कुंडीत, कूलरमध्ये, टाकीत सगळीकडे आहे, फक्त व्हायरस नाहीये. तो एकदा आला तर काय होईल हे डेंग्यूचा सीझन बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून मी तरी सांगेन, पळवाट शोधू नका, लस घ्या.

आता कधी घ्यायची. कार्ड लस घेतल्यावर १० दिवसांनी व्हॅलिड होतं, आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. निदान महिना-दीड महिना आधी हे काम उरका, कारण ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारची मान्यता असलेल्या सेंटरवरच घ्यावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी ठरलेले वार आणि आधी अपॉइंटमेंट असते. एका बाटलीत बरेच डोस असतात आणि ती एकदा तयार केली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ते माणसं जमवून एकदम देतात. जुलै ते ऑक्टोबर तिकडे प्राण्यांच्या कळपांच्या मायग्रेशनचा (स्थलांतराचा) सीझन, तेव्हा गर्दी धरूनच चाला.

सेंटरवर जाताना ओरिजिनल पासपोर्ट न्या. लस झाली की पिवळं पुस्तक मिळतं, हेच ते कार्ड, ते तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, लसीचा बॅच नंबर, सही, शिक्का, सगळं. आमच्यातल्या एकीच्या पासपोर्ट नंबरात एक आकडा चुकला होता, तिने तिथेच बघितलं म्हणून पाच मिनिटांत दुरुस्त झालं, घरी येऊन कळलं असतं तर परत एक दिवस गेला असता. पूर्वी कधी आफ्रिकेत जाऊन आला असाल आणि जुनं पुस्तक असेल तर ते फेकू नका, त्यावर १० वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

ही जिवंत पण कमजोर केलेल्या व्हायरसची लस आहे आणि अंड्यात बनते, त्यामुळे सगळ्यांना सरसकट देत नाहीत. अंड्याची जोरदार ॲलर्जी, केमो किंवा स्टिरॉइड चालू असणं, प्रतिकारशक्ती कमी असणं, गरोदरपण, ९ महिन्यांखालचं बाळ, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी हे नीट वाचा: साठीनंतर गंभीर साइड इफेक्टचा धोका थोडा जास्त असतो, तेव्हा पहिल्यांदाच घेत असतील तर आधी नेहमीच्या डॉक्टरांशी बोला आणि मगच तिकिटं काढा. लस चालणारच नसेल तर डॉक्टरांचं तसं लेखी सर्टिफिकेट लागतं, पण विमानतळावर निर्णय हेल्थ ऑफिसरचा असतो हे लक्षात ठेवा. बाकीच्यांना एक-दोन दिवस अंग दुखणं, किरकोळ ताप, एवढंच होतं बहुतेक वेळा. गोवर किंवा कांजिण्यांसारखी दुसरी जिवंत लस नुकतीच घेतली असेल तर तेही सांगा, दोन्हीत साधारण ४ आठवड्यांचं अंतर लागू शकतं.

केनियावरून पुढे टांझानिया करणार असाल तर हे कार्ड तिकडेही मागतात. म्हणून पुस्तक पासपोर्टसोबत हँडबॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, आणि मोबाईलमध्ये फोटो असू दे पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि या लसीचा मलेरियाशी काहीही संबंध नाही! माराच्या भागात मलेरिया आहे, त्याच्या गोळ्या वेगळ्या, आणि कुठली घ्यायची ते डॉक्टरच ठरवतात. काही गोळ्या जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावरही आठवडाभर घ्यायच्या असतात, काही चार आठवडे, आणि लोक नेमकं घरी आल्यावर कंटाळून सोडून देतात. असं करू नका. लांब बाह्यांचे कपडे, डास पळवणारं क्रीम हे आहेच. परत आल्यावर काही आठवड्यांनी, अगदी काही महिन्यांनी जरी ताप आला तरी व्हायरल असेल म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना आधी हेच सांगा की मी केनियाला जाऊन आलोय.