डुशेनच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये रुजू होण्यापूर्वी जनुकीय समुपदेशकाने करावयाची तयारी

डुशेन हा मुलग्यांचे स्नायू हळूहळू कमजोर करणारा जनुकीय आजार. त्यासाठी पहिली तयारी जनुकीय तपासणीचा रिपोर्ट वाचण्याची. या आजारात बिघडणाऱ्या डिस्ट्रॉफिन जनुकात ७९ एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेले जनुकाचे तुकडे) असतात आणि जुन्या पीसीआर तपासणीत त्यांपैकी मोजकेच पाहिलेले असतात. त्यामुळे मुलाच्या फाइलमध्ये सर्व एक्सॉन तपासणाऱ्या एमएलपीए या चाचणीचा रिपोर्ट आहे की नाही, हे आधी पाहावे. एक्सॉन ५१ वगळणाऱ्या औषधाच्या ट्रायलमध्ये ४८ ते ५० हे एक्सॉन जनुकातून गळालेला मुलगा बसतो, पण ज्याचा ५१ हाच गळाला आहे तो बसत नाही, कारण वगळायला तो उरलेलाच नसतो. आकडा तोच असल्याने पालकांचा येथे हमखास गोंधळ होतो, म्हणून कागदावर चौकटी काढून दाखवण्याचा सराव करून ठेवावा.

वंशावळ नव्याने, स्वतःच्या हाताने काढावी. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये जनुकातील हा बदल आईकडून न येता नव्याने घडलेला असतो. म्हणून तपासणीआधी आईला वाहक म्हणू नये. तिच्या रक्तात बदल सापडला नाही, तरी तिच्या काही बीजांडांत तो असू शकतो, हेही सांगावे लागते, आणि ते सासरच्या माणसांदेखत सांगायचे की नाही, हे तिलाच आधी विचारावे.

सर्वाधिक वेळ संमतीपत्राला द्यावा. २०१९च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार नव्या रासायनिक रेणूच्या ट्रायलमध्ये लहान मुलांसारख्या असुरक्षित गटांतील सहभागी असल्यास संमतीप्रक्रियेचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावे लागते. कॅमेरा सुरू झाला की पालक निमूट मान डोलावतात, हे ध्यानात घेऊन खरे प्रश्नोत्तर आदल्या भेटीतच उरकलेले बरे. ‘औषध कधीपासून सुरू करणार?’ असे वडिलांनी विचारले, तर प्लासिबो (औषधासारखा दिसणारा, पण औषध नसलेला डोस), चिठ्ठी टाकल्यासारखी होणारी गटवाटणी आणि केव्हाही बाहेर पडण्याची मुभा पुन्हा पहिल्यापासून समजवावी, कारण त्यांच्या मनात संशोधन आणि उपचार यांची अजून गल्लत आहे. सात वर्षांवरील मुलाची सहमती त्याच्याशी बोलून घ्यावी. सही करता येत नसली तरी टोचून घ्यायला तो नाही म्हणू शकतो.

ट्रायलचा सीटीआरआय (भारतातील क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत कुटुंबाच्या हाती द्यावी. ट्रायलसाठीच्या पात्रता-चाळणीत मुलगा अपात्र ठरला, तर तो निरोप फोनवरून देऊ नये, आणि देण्यापूर्वी स्नायुरोग तज्ज्ञांची पुढील तारीख घेऊन ठेवावी.